ट्रेसर म्हणजे काय हो, बाई?

"ट्रेसर बुलेऽऽट!"

माघातली संध्याकाळ होती. आरेच्या पुळणीवर आमच्या शाळेतल्या पोरांचा क्रिकेटचा डाव रंगात आला होता. एकाने असा काही फटका मारला, की चेंडू वाळूला जेमतेम चाटून सरळ समुद्रात! आणि फलंदाजापेक्षा मोठ्याने ओरडला तो गोलंदाज. स्वतःच्याच चेंडूवर चौकार बसला, याचं त्याला काही नाही. टीव्हीवर ऐकलेले ते दोन शब्द ओरडायला मिळाले, यातच तो खूश!

चेंडू आणायलाही तोच धावला. पाणी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. चेंडू तर हाताच्या अंतरावर दिसत होता. तिथे लाटाही फुटत नव्हत्या, पाणी कसं शांत होतं. तो एक पाऊल पुढे टाकी आणि चेंडू दोन पावलं आत सरके. "मागे फीर!" म्हणून मी ओरडले. तेवढ्यात एका मुलीचे आजोबा, जन्मभर होडीवर गेलेला माणूस, धावत गेले आणि त्याची कॉलर धरून त्याला बाहेर घेऊन आले.

"पाच रुपयांच्या चेंडूसाठी जीव देतोस रे?" आजोबा एवढंच बोलले.

पोराचा चेहरा रडवेला झाला. चेंडू तर अजून आत चालला होता. विषय बदलावा म्हणून मी सगळ्यांना जवळ बसवलं आणि विचारलं, "काय रे, मघाशी तू काय ओरडलास?"

"ट्रेसर बुलेट."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... जोरात जाणारा फटका. रवी शास्त्री म्हणतात ना!"

"बुलेट म्हणजे गोळी, ते कळलं. पण ट्रेसर म्हणजे?"

सगळे गप्प. मग मागून कोणीतरी म्हणालं, "गोळीच्या कंपनीचं नाव असेल, बाई!" आणि हशा पिकला.

खरं सांगू का मुलांनो, मलाही नीट उत्तर देता आलं नसतं. म्हणून ठरवलं, की आठ दिवसांत प्रत्येकाने 'ट्रेसर' हा शब्द कुठे कुठे भेटतो ते शोधून आणायचं. मीसुद्धा!

रात्रीची गोळी

सुरुवात अर्थात बुलेटपासून झाली. अंधारात मशीनगन चालवणाऱ्या सैनिकाची अडचण काय असते? गोळी सुटते, पण ती गेली कुठे, हे दिसत नाही. म्हणून काही गोळ्यांच्या बुडाशी जळणारी पूड भरतात. तिच्यात मॅग्नेशियमसारखा लख्ख जळणारा धातू असतो आणि लाल रंगासाठी स्ट्रॉन्शियमचे क्षार असतात. दिवाळीतल्या लाल भुईनळ्यातही हेच क्षार असतात, बरं का! गोळी सुटताच ही पूड पेटते आणि अंधारात लाल रेघ ओढली जाते. साधारणपणे चार साध्या गोळ्या आणि पाचवी ट्रेसर, असा पट्टा लावतात. या पाचव्या गोळीवरून उरलेल्या चारींची वाट कळते.

म्हणजे 'ट्रेसर'चा वेगाशी संबंधच नाही! साध्या गोळ्याही तेवढ्याच जोरात जातात. फरक एवढाच, की ट्रेसर आपली वाट दाखवत जाते.

"पण बाई, मग शत्रूलाही कळेल ना, गोळी कुठून आली ते?" एका मुलीने विचारलं. अगदी बरोबर! ही रेघ दोन्ही टोकांनी वाचता येते. शिवाय पूड जळत जाते तशी गोळी हलकी होते आणि साध्या गोळीपेक्षा तिची वाट थोडी वेगळी पडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आरेखक आणि अनुरेखक

दुसऱ्या दिवशी एका मुलाने वर्तमानपत्रातलं कात्रण आणलं. सरकारी भरतीची जाहिरात होती. तिच्यात पद लिहिलं होतं 'अनुरेखक', आणि त्याच्या मोठ्या भावाने सांगितलं होतं, की यालाच इंग्रजीत ट्रेसर म्हणतात.

"आणि आरेखक म्हणजे काय हो, बाई? आरे गावचा माणूस?"

हसून हसून पुरेवाट झाली! नाही रे बाबा. आरेखक म्हणजे मूळ नकाशा काढणारा. अनुरेखक म्हणजे त्या रेघांच्या मागोमाग जाणारा. 'अनु' म्हणजे मागून, पाठोपाठ. पूर्वी धरण असो, पूल असो की गावठाणाचा नकाशा असो, मूळ चित्र एकच असायचं. त्यावर खळ दिलेलं तलम, आरपार दिसणारं कापड किंवा ट्रेसिंग पेपर ताणून बसवायचा आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. मग ती नक्कल विशिष्ट रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायची. त्यातून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा उमटायच्या. 'ब्लू प्रिंट' हा शब्द आला तो इथून.

आता हे काम बहुतेक संगणकावर होतं, पण कृषी, नगररचना अशा खात्यांत पदाचं नाव अजून अनुरेखकच आहे. या कामात मुख्य अट एकच. मूळ रेघेवर आपलं शहाणपण चालवायचं नाही. नदी जिथे वळली असेल तिथेच ती वळली पाहिजे. नाहीतर पूल भलतीकडेच!

आणि मुलांनो, अनुरेखकाची नोकरी तुम्ही सर्वांनी केलेली आहे. कधी? पहिलीत! पाटीवर बाईंनी काढलेला 'अ' तुम्ही किती वेळा गिरवलात, आठवतंय का? गिरवणं म्हणजे ट्रेसिंगच की! आपला माग काढणं, मागोवा घेणं, हे शब्दही याच घरातले. गंमत म्हणजे इंग्रजी 'ट्रेस' या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ आहे 'ओढणं'. आपणही रेघ काढतो तशी 'ओढतो'च ना?

खाणावळीतला गुप्तहेर

मग मी एक गोष्ट सांगितली. गोष्ट आहे १९११ सालच्या सुमाराची. जॉर्ज द हेवेशी नावाचा हंगेरीचा तरुण शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता आणि एका बाईंच्या घरी पैसे भरून जेवत होता. त्याला दाट संशय, की ताटात उरलेलं अन्न पुन्हा दुसऱ्या दिवशीच्या जेवणात येतं. बाई म्हणायच्या, "छे, सगळं ताजं!" मग हेवेशीने काय करावं? ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सारी पदार्थाचा अगदी बारीक अंश मिसळून ठेवला. काही दिवसांनी जेवणाच्या टेबलावर किरण ओळखणारं उपकरण आणलं आणि नवा पदार्थ तपासला. उपकरणाने चोरी पकडली! ही हकीगत पुढे हेवेशीच सांगत असे. (तुम्ही मात्र घरी आईच्या स्वयंपाकावर असले प्रयोग करायचे नाहीत. तेव्हा किरणोत्साराचे धोके लोकांना नीट ठाऊक नव्हते.)

गोष्ट गमतीची, पण युक्ती लाखमोलाची. १९२३ मध्ये हेवेशीने याच पद्धतीने पाण्यातलं शिसं झाडाच्या मुळातून कुठवर चढतं, हे दाखवलं. या शोधांसाठी त्याला १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. अशा माग दाखवणाऱ्या पदार्थालाही नाव पडलं, ट्रेसर.

आजीच्या अंगातला दिवा

हे ऐकताना एक मुलगी एकदम म्हणाली, "बाई, माझ्या आजीला मुंबईत असंच इंजेक्शन दिलं होतं! मग मोठ्या यंत्राखाली झोपवलं. घरी आल्यावर एक दिवस आम्हा लहानांना तिच्या मांडीवर बसू दिलं नाही. मी खूप रडले. मला वाटलं, आजी आता विषारी झाली."

किती दिवस हे पोरीच्या मनात होतं कोण जाणे! पालकहो, घरातल्या आजाराबद्दल मुलांना दोन वाक्यांत का होईना, पण सांगत जा.

तर ऐका. हाडांच्या आजाराचा शोध घेताना बहुतेक वेळा टेक्नेशियम नावाचा पदार्थ वापरतात. तो हाडात जाऊन बसणाऱ्या औषधाला जोडलेला असतो. जिथे हाडात गडबड असेल तिथे तो जास्त जमतो. यंत्राचा कॅमेरा बाहेरून त्याचे किरण टिपतो, आणि डॉक्टरांना चिरफाड न करता आतलं चित्र मिळतं. दर सहा तासांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. म्हणजे एका दिवसात सोळाव्या हिश्शावर येतो! काही भाग लघवीवाटेही जातो. एक दिवस आजीपासून लांब राहायचं, ते एवढ्यासाठीच. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन फार आवडतं, म्हणून तिच्या तपासणीसाठी किरणोत्सारी आयोडीनही वापरतात. मुंबईत परळला अशा कामासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे.

"म्हणजे आजीच्या अंगात दिवा लावला होता!" ती मुलगी म्हणाली. मला तरी यापेक्षा चांगली व्याख्या सुचली नसती.

गाळाचा माग, बदकांचा प्रवास

एव्हाना फळ्यावर आमचे तीन नियम तयार झाले होते. चांगला ट्रेसर कोण? एक, ज्याचा माग काढायचा त्याच्या संगतीने जाणारा. दोन, गर्दीतही ओळखू येणारा. आणि तीन, ज्याच्यासोबत जातो त्याची वाट न बदलणारा. ट्रेसर गोळी तिसऱ्या नियमात थोडी नापास झाली. आठवलं ना?

या नियमांत बसणारं एक उदाहरण आपल्या मुंबई बंदरातलं आहे. बंदरात गाळ साचतो, जहाजांना खोली पुरत नाही. म्हणून गाळ उपसून दूर समुद्रात टाकतात. पण भरतीबरोबर तोच गाळ परत आला तर? केलेला खर्च पाण्यात! आता गाळाला रंग लावून काय दिसणार? १९५९ साली शास्त्रज्ञांनी स्कँडियम हा धातू घातलेली काच गाळाएवढी बारीक दळली, ती किरणोत्सारी केली आणि समुद्राच्या तळाशी सोडली. मग बोटीतून उपकरणं खाली सोडून तिचा माग काढला. स्कँडियमच्या या प्रकाराचा किरणोत्सार निम्मा व्हायला सुमारे ८४ दिवस लागतात, त्यामुळे पाहणीला भरपूर वेळ मिळतो. भरती-ओहोटी गाळाला कुठे नेते हे एकदा कळलं, की तो कुठे टाकायचा हे ठरवता येतं. पुढे देशातल्या इतर बंदरांतही ही पद्धत वापरली गेली.

कधीकधी ट्रेसर अपघातानेही मिळतो. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या वादळात एका जहाजावरचे कंटेनर पाण्यात पडले आणि २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी समुद्रात मोकळी झाली. पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं आणि हिरवे बेडूक! त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यातली काही अलास्काच्या किनाऱ्याला लागली. पडल्याची जागा माहीत, सापडल्याची जागा माहीत. मग काय, शास्त्रज्ञांनी त्यावरून समुद्रप्रवाहांचे आपले अंदाज तपासून घेतले.

खऱ्या कासवांचंही असंच आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पायाला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच मादी २०२५ च्या सुरुवातीला अंडी घालायला कुठे आली असेल? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या किनाऱ्यावर! पूर्वेकडची कासवं पश्चिमेकडेही येतात, हे त्या छोट्या बिल्ल्याने सांगितलं.

आणि आपला समुद्र?

बदकांची गोष्ट संपली आणि तो गोलंदाज बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "बाई, माझा चेंडू पण ट्रेसरच होता ना?"

वर्गात एकदम शांतता पसरली. खरंच की! तो चेंडू आम्हाला काहीतरी दाखवत होता आणि आम्ही तो गेला म्हणून हळहळत होतो.

त्या शनिवारी आम्ही पुन्हा पुळणीवर गेलो. सोबत आजोबा आणि चार पालक. रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून डझनभर रिकामी शहाळी मागून घेतली होती. शहाळ्याचा मोठा भाग पाण्याखाली राहतो, त्यामुळे ते वाऱ्यापेक्षा पाण्याचं जास्त ऐकतं. शिवाय कुजून जातं, प्लॅस्टिकसारखं उरत नाही. मुलं वर कोरड्या वाळूत बसली. आजोबांनी घोटाभर पाण्यात उभं राहून एकेक शहाळं फेकलं.

पहिली काही लाटांनी परत आणून वाळूवर टाकली. बाकीची किनाऱ्याला धरून आडवी सरकू लागली. सरकत सरकत ती एका जागी आली आणि वळली. सरळ खोल समुद्राकडे! एकामागोमाग एक, जशी काही रांगेत. जागा तीच होती, चेंडू गेला होता ती. तिथे लाट फुटत नव्हती, फेसही नव्हता.

"जिथं लाट फुटत नाय ना पोरांनो, तिथंच पानी ओढतं," आजोबा म्हणाले.

याचं कारण असं. लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटतात. ते पाणी परत तर गेलंच पाहिजे. ते किनाऱ्याने आडवं वाहतं आणि वाळूच्या बांधात जिथे खोलगट फट असेल तिथून समुद्रात परततं. पाणी खोल, म्हणून लाट तिथे कमी फुटते, आणि नवख्या माणसाला तीच जागा शांत, सुरक्षित वाटते! या परतीच्या प्रवाहाला इंग्रजीत रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. शंभर मीटरच्या शर्यतीतला जगज्जेता पोहणारा जेमतेम तेवढ्या वेगाने पोहतो. मग त्या ओढीशी झुंजून आपण जिंकू का?

आमचा हा किनारा फार देखणा आहे. आरे-वारेच्या घाटवळणावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात, तेव्हा गणपतीपुळ्याला निघालेली प्रत्येक गाडी थांबते. पण २०२५ च्या जुलैत इथेच चार पर्यटक बुडाले. म्हणून हे नीट वाचा आणि घरच्यांनाही वाचून दाखवा.

पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही. एरवीही गावातल्या माणसांना विचारल्याशिवाय आणि मोठ्यांच्या सोबतीशिवाय उतरायचं नाही. पाण्यात गेलेला चेंडू आणि चप्पल समुद्राला देऊन टाकायची. चुकून ओढीत सापडलातच, तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, त्याने दम संपतो. हा प्रवाह बाहेर ओढतो, तळाला खेचत नाही. म्हणून उताणं तरंगा, हात वर करा, हाका मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा आणि ओढीतून बाहेर पडल्यावर जिथे लाटा फुटतात तिथून परत या. दुसरं कोणी सापडलं तर मागोमाग उडी मारू नका. रिकामा कॅन, दोरी, जे तरंगेल ते फेका, माणसं गोळा करा आणि ११२ ला फोन लावा.

घरी करून पाहा

समुद्रावरचा प्रयोग मोठ्यांनीच करायचा. तुमच्यासाठी एक सोपा प्रयोग देते. पावसाळ्यात परसात तेरडा उगवतो. त्याचं छोटं रोप मुळासकट हलकेच उपटा, मुळं धुवा आणि लाल शाई घातलेल्या पाण्यात ठेवा. तेरड्याचा दांडा जवळजवळ आरपार दिसणारा असतो. काही तासांनी त्यात लाल रेघा वर चढलेल्या दिसतील. पाणी झाडात रोजच चढतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. आता ते कोणी दाखवलं? आणि आपले तीन नियम त्या शाईला लावून पाहा. ती पास होते का?

आमचा गोलंदाज आता नव्या चेंडूने खेळतो. चेंडू पाण्यात गेला, की सगळी पोरं जागच्या जागी उभी राहतात आणि तो कुठल्या बाजूला सरकतो ते बघतात. लाटेने परत आणला तर डाव पुढे चालू. नाही आणला, तर कोणीतरी ओरडतं, "ट्रेसर!" आणि सगळी घरी येतात.